उसाच्या घरात साखरेविना

२० जानेवारी

साखर आजपासून पूर्ण बंद. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालणार असल्यामुळे हा निर्णय थोडा पुढे ढकलावा, असे घरातल्या सगळ्यांनी सुचवले. पण आपल्याकडे संक्रांतीमागून होळी, होळीमागून पाडवा येतच असतो, त्यामुळे सोयीचा मुहूर्त शोधत बसले तर तो कधीच सापडणार नाही. गेल्या महिन्यातल्या रक्ततपासणीत माझे एचबीए१सी ६.१ आले. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानतात आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. म्हणून आदल्या दिवशी उपास केला तरी हा आकडा बदलत नाही. आबांना मधुमेह होऊन वीस वर्षे होऊन गेली, आत्यालाही तो आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर आता मीही आहे.

डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितले होते. पूर्ण सोडण्याचा विचार माझा. कमी करायची म्हटले की प्रत्येक कपापाशी आणि प्रत्येक पेढ्यापाशी नव्याने ठरवावे लागते, आणि समोर आग्रह करणारे माणूस जितके जवळचे, तितके ते ठरवणे अवघड होते. पूर्ण बंद म्हटले की एकदाच ठरवायचे. साखर, गूळ, काकवी, मध आणि यांपैकी काहीही घातलेले विकतचे पदार्थ वर्ज्य. अख्खी फळे आणि दूध चालेल, असा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

२४ जानेवारी

चहाने सगळ्यांत जास्त त्रास दिला. दुपारी डोके जड होते, चिडचिड होते, जेवण झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. एका कपात दोन चमचे म्हणजे आठ ते दहा ग्रॅम साखर होते, आणि दिवसाला पाच कप धरले तर केवळ चहातून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जात होती. दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक अशा साखरेतून यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. २००० उष्मांकांच्या आहारात त्याचे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे जिलेबी-लाडवाला हात न लावताही माझी मर्यादा चहावरच संपत होती. आता दूध कमी आणि आले-गवती चहा जास्त असा बिनसाखरेचा चहा घेते. अजून तो आवडत नाही.

६ फेब्रुवारी

आमच्या सांगलीकडची आमटी तिखट, तिच्यात गूळ नसतो, त्यामुळे स्वयंपाकघरात फारसे काही बदलावे लागणार नाही असा माझा समज होता. प्रत्यक्षात कोशिंबिरीत साखर, पोह्यांत साखर, चिवड्यात पिठीसाखर, कारल्याच्या भाजीत गूळ, लिंबाच्या लोणच्यात तर दोन्ही. हे सगळे बिनसाखरेचे करता येते, आणि कोशिंबिरीला ताजे दही असले की काही उणे वाटत नाही. विकतच्या वस्तूंची गोष्ट निराळी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, हे एकदा लक्षात ठेवले की डोळे आपोआप तिसऱ्या-चौथ्या शब्दापर्यंत जातात. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज अशा वेगवेगळ्या नावांनी ती एकाच यादीत विखुरलेली असते. ब्रेडमध्ये, टोमॅटो सॉसमध्ये, तयार सुपाच्या पुडीतही ती आढळली. खारी म्हणून आणलेल्या बिस्किटांतही साखर होती.

२२ फेब्रुवारी, माहेरी

गाळप अजून चालू आहे. रात्री उशिरापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात असतात आणि वाऱ्याबरोबर मळीचा वास येतो. ज्या घराचे दोनवेळचे जेवण, माझी आणि भावाची शिक्षणे, आईची शस्त्रक्रिया हे सगळे उसाच्या बिलावर झाले, त्या घरात बसून मी साखर सोडल्याचे सांगणे सोपे नव्हते. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे त्या वाटेने गेलेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांना शाळा, दवाखाने, रस्ते मिळाले. कृष्णाकाठच्या आमच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनात आजही तितकीच आहे.

आबांनी जेवताना विचारले, "मग आपण ऊस कशाला लावायचा गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. पिकाचा आणि पथ्याचा हिशेब वेगळा असतो, एवढेच मी म्हणाले. वयाची चाळीस वर्षे ज्यांनी खोडवे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, राखले, त्यांना याहून अधिक काही सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

सकाळी काकांच्या गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या भेंडीचे पाणी टाकून वर येणारी मळी काढत होता, आणि नेहमीप्रमाणे काकांनी ताजी काकवी भाकरीवर ओतून पुढे केली. मी ती घेतली नाही. काकांना वाईट वाटले आणि मलाही वाटले. "साखर सोडली ते ठीक, पण गूळ कुठं वाईट असतोय," असे ते म्हणाले, आणि हा समज आमच्या सगळ्या भागात पक्का आहे. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात हे खरे; पण त्याचा फार मोठा भाग सुक्रोजच असतो, आणि शरीर त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग साखरेसारखेच करते. त्यातले फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जाते आणि नेहमीच जास्त झाले तर तेथे त्याची चरबी होते. उत्तम गूळ कसा ओळखायचा हे मला या गुऱ्हाळानेच शिकवले. माझ्या रक्ताच्या बाबतीत मात्र गूळ आणि साखर एकच आहेत.

२३ फेब्रुवारी, पहाटे

आबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. रात्री गोळी घेऊन ते नीट जेवले नव्हते, आणि यंत्रावर रक्तातली साखर ५८, म्हणजे फारच कमी दाखवत होती. आईने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग थोडी भाकरी आणि दूध दिले. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांच्या घरी साखर हाताशी असलीच पाहिजे, आणि त्यांनी माझे पाहून स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. डॉक्टरांना हा प्रसंग आजच कळवणार आहोत. माझ्या घरातला साखरेचा डबाही मी काढून टाकणार नाही. सुटीत आबा आमच्याकडे येतात.

पाडवा

गुढीला साखरेची गाठी बांधली, प्रसादातली कडुनिंबाची पाने ओवा-मिठाबरोबर खाल्ली, गूळ वगळला. मुलांसाठी श्रीखंड केले. शेजारच्या काकूंनी "सणाचे नाही म्हणू नये" म्हणून दोनदा वाटी पुढे केली, तेव्हा मी रिपोर्टचा आकडा सांगितला, आणि त्यांनी वाटी खाली ठेवून स्वतःच्या गुडघ्यांची आणि साखरेची सगळी हकिकत सांगितली. खरे कारण सांगितले की आग्रह थांबतो, असा माझा अनुभव आहे. डाएट हा शब्द उच्चारला की तो दुप्पट होतो.

२८ एप्रिल

एचबीए१सी ५.८. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेले नाही, पण दिशा बरोबर आहे. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, तीही उतरली आहे. याचे सगळे श्रेय साखर सोडण्याला देता येणार नाही, कारण जानेवारीपासून मी रोज संध्याकाळी चालते आहे आणि रात्रीचा भात निम्म्यावर आणला आहे. चवीतला बदल मात्र साखर सोडल्यामुळेच झाला आहे याबद्दल मला शंका नाही. गाजर गोड लागते, साधे दूध गोड लागते, ज्वारीची भाकरी नीट चावली की लाळेने तिच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागून गोडवा येतो, तो पूर्वी मला कधी जाणवला नव्हता. कृत्रिम गोडी आणणाऱ्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले आहे, आणि मला तर गोडाची ओढच कमी करायची आहे.

हापूसच्या दोन फोडी जेवणाबरोबर घेते; आमरस मात्र नाही, कारण वाटीभर रसात किती आंबे गेले ते कळत नाही. पुढची तपासणी जुलैअखेर आहे. त्यानंतर गणपती, सासर कोकणातले असल्यामुळे उकडीचे मोदक होणारच, आणि सारणाला गूळ नेहमीइतकाच घालायचा असे मी ठरवले आहे. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर घालून माझ्यासाठी निवगऱ्या करीन. सासूबाईंनी उकड थोडी जास्तच काढू असे कबूल केले आहे.