एवढं मोठं पिस्तूल लपतं कुठे?

हा प्रश्न मला बहुधा ताकभाताच्या वेळी विचारला जातो. तोवर पाहुण्यांच्या कानात कुणीतरी कुजबुजलेलं असतं, की यांच्या कमरेला कायम पिस्तूल असतं, तेही भलंमोठं. मग नजरा माझ्या शर्टावरून फिरतात, काही दिसत नाही, आणि शेवटी एखाद्या काकू धीर करून म्हणतात, "अहो, पण आहे कुठे?" काकू, इथंच आहे. तुमच्याबरोबरच जेवायला बसलंय.

आम्ही टेक्ससमध्ये, सॅन अँटोनिओच्या कडेला राहतो. आलो सॉफ्टवेअरसाठी, ग्रीन कार्ड झाल्यावर गॅस स्टेशन आणि त्याला जोडलेलं दुकान घेतलं. पिस्तूलही ग्रीन कार्डानंतरचंच. एच-वन व्हिसावरच्या माणसानं बंदूक बाळगणं हा इथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्या वाटेला जाणारा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

माझ्याकडे आहे ते १९११. हे वर्षही आहे आणि पिस्तुलाचं नावही. जॉन ब्राउनिंगनं बनवलेलं हे पिस्तूल अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. नळी पाच इंची, एकूण लांबी साडेआठ इंच, गोळ्या भरल्यावर वजन सव्वा किलोच्या आसपास. एक किलो साखरेचा पुडा आणि वर पाव किलो चहा कमरेला बांधून दिवसभर हिंडून बघा, म्हणजे कल्पना येईल.

आता लपवण्याचं. सगळ्यांना वाटतं लांबी नडत असेल. लांबी मुळीच नडत नाही. नळीचा भाग पँटच्या आत, मांडीच्या बाजूनं खाली जातो आणि तिथे तो कुणाला दिसायचा नाही. उलट लांब नळीमुळे पिस्तूल कमरेला टेकून बसतं, डुलत नाही. नडते ती मूठ. ती पट्ट्याच्या वर, पाठीमागच्या बाजूला आडवी बाहेर येते आणि तुम्ही जरा वाकलात की शर्टाचा तंबू करते. याला इथले लोक प्रिंटिंग म्हणतात. आपण उमटणं म्हणू. म्हणून पिस्तुलाचं घर, म्हणजे होल्स्टर, थोडं पुढं झुकवून लावायचं, म्हणजे मूठ बरगडीच्या वळणाशी जुळते. १९११चा एक मोठा गुण असा की ते लांब असलं तरी चपटं आहे. गोळ्या एकाखाली एक, एकाच रांगेत. हल्लीची पंधरा-सतरा गोळ्यांची पिस्तुलं आखूड दिसतात खरी, पण अंगानं जाड असतात.

बाकी सगळं कपड्यांवर. पट्टा दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंद. साधा पट्टा महिन्याभरात पिळवटतो आणि पँट एका बाजूला उतरते. पँट एक माप मोठी. शर्ट बाहेर सोडलेला, गडद रंगाचा, शक्यतो चौकड्यांचा, कारण चौकड्यांत उंचवटा हरवतो. पांढरा शर्ट मी शेवटचा कधी घातला ते आठवत नाही.

झब्बा या कामाला उत्तम असेल असं मला वाटलं होतं. लांब, सैल, वर जाकीट घातलं तर विचारायलाच नको. पण झब्ब्याच्या बाजूची चीर नेमकी जिथे मूठ असते तिथेच उघडते! मग बायकोनं टाके घालून चीर चार बोटं खाली आणली. टाके घालताना ती काहीही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जड होतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वाकून नमस्कार करण्याची. कमरेतून वाकलो तर मागून सगळं दिसतं. म्हणून मी दोन्ही गुडघे टेकून पायांवर डोकं ठेवतो. भारतातून आलेली म्हातारी माणसं गहिवरतात. "परदेशात राहूनही बघा," म्हणतात. मी गप्प.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा लहान पिस्तूल का नाही, हा पुढचा प्रश्न. होतं ना. पहिलं घेतलं ते तळहाताएवढंच होतं, खिशात मावणारं. त्या पिस्तुलानं मी वाईट नेमबाज होतो. लहान पिस्तूल जास्त उसळतं, मुठीवर करंगळी बसत नाही, आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांत, म्हणजे माशीत, अंतर कमी म्हणून हाताची थोडी चूक लक्ष्यावर मोठी होते. पण ते विकण्याचं कारण वेगळं आहे.

गणेशोत्सव होता. इथे मंडळं बहुतेक वेळा शाळेचं सभागृह भाड्यानं घेतात. आम्ही नैवेद्य घेऊन दारापर्यंत पोहोचलो. बायको म्हणाली, "अहो, किल्ली द्या, फोन गाडीतच राहिला." मी खिसा चाचपला, डाव्या हाताला किल्ली लागली आणि उजव्या हाताला ते. शाळेच्या इमारतीत शस्त्र नेणं टेक्ससमध्ये गंभीर गुन्हा आहे, तुरुंगात जाण्याजोगा. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. आतून झांजांचा आवाज येत होता, मुलं पळत होती, आणि माझ्या खिशात काय आहे हे मी सकाळपासून साफ विसरलो होतो. "फोन मीच आणतो," म्हणून मागे फिरलो, पिस्तूल गाडीतल्या पेटीत कुलूपबंद केलं आणि पाच मिनिटं तिथेच बसून राहिलो. आरती चुकली.

विसरता येईल असं पिस्तूल बाळगायचं नाही, हे तेव्हा ठरवलं. सव्वा किलो विसरता येत नाही. गाडीत बसताना ते टोचतं, खुर्चीच्या हाताला खटकतं, ऑगस्टच्या उकाड्यात त्याच्याखाली घामोळं येतं. प्रत्येक दारापाशी ते विचारतं, इथे चालतं का? पोस्टात नाही, कोर्टात नाही, विमानतळाच्या तपासणीपलीकडे नाही. काही दुकानांच्या दारावर एक इंच उंचीच्या अक्षरांत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये पाटी असते, तिथेही नाही. नियम माझ्या तोंडपाठ आहेत, पण आठवण करून देण्याचं काम पिस्तूलच करतं.

टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक माणसांना पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. मी तरी तो काढलाय. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण. अवघड परीक्षा नाही, आणि हे मला काळजीचं वाटतं. मुळात हा परवाना आला १९९५च्या कायद्यानं. त्यामागे किलीन गावातली घटना आहे, आमच्यापासून उत्तरेला अडीच-तीन तासांवर. १६ ऑक्टोबर १९९१ला तिथल्या एका उपाहारगृहात एका माणसानं २३ जणांना मारलं. सुझाना ग्रेशिया (पुढे आडनाव हप) तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्यानुसार ते जवळ बाळगता येत नव्हतं. आईवडील दोघंही गेले. त्यांनी ही साक्ष गावोगाव दिली आणि १९९६ला त्या आमदार म्हणून निवडून आल्या. इथल्या माणसाशी या विषयावर वाद घालायचा तर ही गोष्ट ठाऊक असावी लागते. बाजू कोणतीही घ्या.

माझं कारण एवढं मोठं नाही. काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमाराला दोन पोरं दुकानात आली, एकाच्या हातात पिस्तूल. मी गल्ला उघडून दिला. ते गेले. तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. लोकांना वाटतं, आता मी तसं होऊ देणार नाही. चूक. आजही गल्ला देऊन टाकेन. आत चारेकशे डॉलर असतात आणि विमा आहे. पिस्तूल आहे ते गल्ला दिल्यानंतरही जो जाणार नाही त्याच्यासाठी. असा माणूस अजून भेटलेला नाही. "कधी काढावं लागलं का?" याचंही उत्तर यातच आलं.

बायकोची अट एकच होती: घरात पाऊल टाकलं की ते बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या तिजोरीत गेलं पाहिजे. पाहुणे असले तर ते गेल्यावर, पण झोपण्याआधी नक्की. ती इस्पितळात काम करते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं, हे तिनं मला ऐकवलं आहे. मला चोराची भीती वाटते. तिला आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या एखाद्या वाईट रात्रीची. तिची भीती जास्त हिशेबी आहे, हे मला कबूल आहे. तिजोरीला फक्त आम्हा दोघांची बोटं चालतात.

पोलिसानं गाडी थांबवली तर? काच खाली, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ओळखपत्र मागितलं की परवानाही सोबत द्यायचा. आणि वाक्यात "गन" हा शब्द पहिला येऊ द्यायचा नाही. "माझ्याकडे परवाना आहे आणि मी आत्ता शस्त्र बाळगून आहे," असं सावकाश म्हणायचं. माझ्या रंगाच्या आणि माझ्या उच्चारांच्या माणसानं तर आणखी सावकाश. आजवर दोनदा असं झालं. एकदा वेगाचा दंड बसला, एकदा पोलिसानं विचारलं कुठलं आहे, आणि १९११ म्हटल्यावर त्याच्या आजोबांच्या १९११ची गोष्ट सांगत बसला.

भारतात येतो तेव्हा अर्थातच ते इथंच तिजोरीत राहतं. तीन आठवडे कंबर हलकी. तरी खाली पडलेलं काही उचलताना मी गुडघ्यातच वाकतो आणि उजवं कोपर आपोआप अंगाशी जातं.

गेल्या दिवाळीला पुण्यात होतो. नरक चतुर्दशीला पहाटे आईनं पाटावर बसवून पाठीला तेल लावलं. पन्नाशीतला मुलगा, पण तिला काय त्याचं. तिचा हात उजव्या कमरेपाशी थांबला. तिथे बरीच वर्षं एक काळपट घट्टा पडलेला आहे, रुपयाएवढा.

"पट्टा फार घट्ट बांधतोस का रे?"

हो, म्हणालो. तिनं तिथे जरा जास्त तेल चोळलं.