तुम्ही विचारलंत म्हणून : पिचिची हा होता तरी कोण?

मे महिना आला आणि स्पॅनिश लीगचा मोसम संपत आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला जे ‘पिचिची’ पारितोषिक मिळते, तो पिचिची कोण, आणि त्याने स्वतः लीगमध्ये किती गोल केले होते? दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे : एकही नाही. स्पॅनिश लीग सुरू झाली १९२९ मध्ये, आणि राफाएल मोरेनो अरान्सादी ऊर्फ पिचिची हा त्याच्या सात वर्षे आधीच, १९२२ च्या मार्चमध्ये, वारला होता. यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही, कारण ज्यांच्या नावाने आपण रणजी करंडक खेळतो ते रणजितसिंहजी १९३३ मध्ये गेले आणि ती स्पर्धा सुरू झाली १९३४ मध्ये. पहिल्या भागाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

पिचिचीचा जन्म १८९२ चा, उत्तर स्पेनमधल्या बिलबाओ शहरातला. घर सुखवस्तू आणि शिकलेले. वडील वकील होते आणि पुढे शहराचे महापौरही झाले, तर विख्यात लेखक-विचारवंत मिगेल दे उनामुनो हे नात्यातलेच. अशा घरातल्या मुलाने देउस्तो विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करून वडिलांच्या वाटेने जावे, अशी अपेक्षा असणे साहजिक होते, आणि त्याने तिकडे नाव घातलेही. पण अभ्यास अर्धवट राहिला आणि १९११ च्या सुमारास तो बिलबाओच्या ॲथलेटिक क्लबच्या पहिल्या संघात दिसू लागला. यातून पैसे मिळणार होते असेही नाही. स्पेनमध्ये फुटबॉलला अधिकृतपणे व्यावसायिक रूप आले ते १९२६ मध्ये. पिचिचीची अख्खी कारकीर्द हौशी खेळाडूंच्या काळातली आहे.

बिलबाओत फुटबॉल इंग्रजांकडून आला. बंदरावर आणि कारखान्यांत काम करणारे इंग्रज, तसेच इंग्लंडमध्ये शिकून परतलेले स्थानिक तरुण, यांनी तो रुजवला. लीग नसल्यामुळे वर्षभराचा खेळ प्रादेशिक स्पर्धेभोवती फिरत असे, आणि आपापल्या प्रदेशांत अव्वल ठरलेले संघ पुढे राजाच्या चषकासाठी, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी, एकमेकांशी भिडत. म्हणजे आज एखादा फॉरवर्ड एका मोसमात लीगचे अडतीस सामने खेळतो, तसे मोजून घेण्याजोगे काही त्या काळी नव्हतेच. शिवाय ऑफसाइडचा नियमही वेगळा होता : चेंडू पुढे दिला जाताना फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे दोन नव्हे, तीन खेळाडू असावे लागत. हा नियम १९२५ मध्ये बदलला आणि त्यानंतर सगळीकडेच गोलांची संख्या वाढली. जुन्या फॉरवर्डांचे आकडे नव्यांच्या शेजारी ठेवून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

पिचिची अंगाने लहानखुरा होता, उंची दीड मीटरच्या जरा वर. तरीही हेडरसाठी तो प्रसिद्ध होता, आणि छायाचित्रांत त्याच्या डोक्याला बांधलेले पांढरे फडके लगेच नजरेत भरते. त्या काळचा चेंडू जाड कातड्याचा. आतल्या फुग्यात हवा भरल्यावर वरचे तोंड चामड्याच्या वादीने आवळत, आणि त्या वादीची गाठ नेमकी कपाळावर आली तर कातडी सोलली जाई. पावसात भिजला की तो जडही होई, आणि बिलबाओत पावसाला तोटा नसतो. त्या फडक्याचे कारण बहुधा हेच सांगतात. मला मात्र वाटते की, कारण काहीही असो, आपण गर्दीतही ओळखू येतो हे त्या माणसाला आवडत असावे. त्याच्या वागण्यात नटाची ऐट होती, आणि तीच पुढे त्याला नडली.

२१ ऑगस्ट १९१३ रोजी सान मामेस हे ॲथलेटिकचे नवे मैदान सुरू झाले. पहिला सामना इरुन गावच्या रेसिंग संघाशी १-१ असा बरोबरीत सुटला, आणि त्यातला ॲथलेटिकचा गोल, म्हणजे त्या मैदानावरचा सर्वांत पहिला गोल, पिचिचीचा होता. पुढे शंभर वर्षे तिथे खेळ झाला. ज्या मैदानाला लोक ‘कॅथेड्रल’ म्हणू लागले, त्याचा पहिला गोल आपल्या नावावर असणे ही योगायोगाची गोष्ट खरी. पण शहराच्या आठवणीत माणूस टिकतो तो बरेचदा अशाच योगायोगांवर.

त्यानंतरची तीन वर्षे या कारकिर्दीचा कळस होत. १९१४, १९१५ आणि १९१६ असे सलग तीन वेळा ॲथलेटिकने राजाचा चषक जिंकला. १९१५ ला एस्पान्योलवर ५-० आणि १९१६ ला माद्रिदवर ४-० अशा अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांची काही मात्रा चालली नाही. या यशात बिली बार्न्स या इंग्रज प्रशिक्षकाचा मोठा वाटा होता. हा गृहस्थ १९०२ मध्ये इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यात शेफील्ड युनायटेडसाठी विजयी गोल करून आलेला. एकट्याने चेंडू घेऊन पळत सुटण्यापेक्षा लांब पास आणि कडेने होणारे हल्ले यांवर त्याने भर दिला, आणि चेंडू गोलसमोर आला की तो नेमका हेरणारा पिचिची तिथे होताच.

राष्ट्रीय संघाच्या वाट्याला मात्र तो फार उशिरा आला, कारण स्पेनला राष्ट्रीय संघच नव्हता. तो पहिल्यांदा जमला १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी. पिचिची तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. डेन्मार्कला १-० असे हरवल्यावर दुसऱ्याच दिवशी बेल्जियमकडून ३-१ असा पराभव झाला आणि सुवर्णपदक हातचे गेले. पण अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांवर चिडून मैदान सोडून गेला, बाद ठरला, आणि दुसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा झुंज लागली. स्पेनने स्वीडन आणि इटली यांना मागे टाकले आणि शेवटी नेदरलँड्सला ३-१ असे नमवून रौप्यपदक मिळवले. त्या शेवटच्या सामन्यात दोन गोल सेसुमागाचे आणि एक पिचिचीचा. देशासाठी त्याने केलेला हा एकमेव गोल. गोलरक्षक होता एकोणीस वर्षांचा रिकार्दो सामोरा, ज्याची कारकीर्द तिथे सुरू होत होती.

बिलबाओत मात्र वारे फिरू लागले होते. १९१८ चा चषक इरुनच्या रेआल युनियॉनने आणि १९१९ चा शेजारच्याच गेचो गावातल्या अरेनासने नेला. घराजवळच्या संघांनी असे मागे टाकले की प्रेक्षक आपल्याच लाडक्यावर राग काढतात. पिचिची आता संथ झाला आहे, गर्विष्ठ आहे, अशी टीका वर्तमानपत्रांतून होऊ लागली आणि सान मामेसवर त्याच्यासाठी शिट्ट्या वाजू लागल्या, त्या कौतुकाच्या नव्हेत. १९२१ मध्ये ॲथलेटिकने पुन्हा चषक मिळवला, तो पिचिचीच्या खात्यावरचा चौथा. समोर होता माद्रिदमधल्या बास्क, म्हणजे बिलबाओच्या मुलखातल्या, विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये ॲथलेटिकची शाखा म्हणून काढलेला संघ, आजचा अ‍ॅटलेटिको. त्याच वर्षी पिचिचीने खेळणे सोडले आणि तो पंचगिरीकडे वळला. शिट्ट्या खाल्लेल्या माणसाने हातात शिट्टीच घ्यावी, यातली गंमत तेव्हाही कुणाच्या लक्षात आली असेल. पण ते फार दिवस चालले नाही. काही महिन्यांतच त्याला जोराचा ताप आला आणि एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. खराब कालवे खाल्ल्यामुळे तो ताप आला, असे सांगतात.

मग शहराला त्याची आठवण झाली. १९२६ मध्ये शिल्पकार किन्तिन दे तोरे यांनी केलेला त्याचा अर्धपुतळा सान मामेसवर बसवला गेला, आणि तिथे पहिल्यांदाच खेळायला येणाऱ्या संघाच्या कर्णधाराने त्यापुढे फुले ठेवण्याचा प्रघात पडला. जुने मैदान २०१३ मध्ये पाडले गेले. नव्या मैदानातही पुतळा आहे आणि प्रघातही. चित्रकार आउरेलियो आर्तेता यांच्या एका चित्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक खेळाडू मैदानाच्या कडेला, कुंपणापाशी एका तरुणीशी बोलत उभा आहे. तो पिचिची आणि ती पुढे त्याची पत्नी झालेली अवेलिना, असे मानले जाते. शिट्ट्या मारणाऱ्यांना तो कसाही दिसो, मला तो या चित्रात जास्त खरा वाटतो.

पारितोषिकाची कथा त्यामानाने थोडक्यात सांगता येते. ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाने १९५२-५३ च्या मोसमापासून लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठी पिचिचीच्या नावाने बक्षीस सुरू केले. त्या मोसमात २४ गोल करून ते पटकावले तेल्मो सारा याने, आणि तोही ॲथलेटिकचाच फॉरवर्ड. १९२९ पासूनचे आधीचे विजेते नंतर यादीत बसवले गेले. पिचिचीचे स्वतःचे एकूण गोल किती, असे पुढे कुणी विचारलेच तर मी आकडा देत नाही; प्रादेशिक स्पर्धा धरायच्या की नाहीत, मैत्रीपूर्ण सामने मोजायचे की सोडायचे, यानुसार प्रत्येक यादीत तो वेगळा निघतो.