नेब्रास्कातले वसंतातले वादळ आणि आपली अवकाळी

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावी मार्च उजाडतो तेव्हा हरभऱ्याची गंजी वावरात असते, गहू सोंगणीला आलेला असतो आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे नुकतीच धरू लागलेली असतात. म्हणून त्या दिवसांत आभाळ भरून आले की गावाच्या पोटात गोळा येतो. मी राहतो त्या अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातही वसंतातल्या आभाळाची धास्ती कमी नाही. मात्र इथे एकाच वादळात राज्याच्या पूर्व भागात विजा कडाडून गारा पडू शकतात आणि त्याच दिवशी पश्चिमेकडे हिमवादळाने रस्ते बंद होऊ शकतात. काकांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एकाच दिवशी बर्फ बी अन् गारा बी, हे कसं काय रे बाप्पा?"

याचे उत्तर भूगोलात आहे. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर, बहुधा कोलोरॅडोच्या आसपास, हवेच्या कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ते मैदानाकडे सरकताना मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा एका बाजूने, तर कॅनडाकडची थंड हवा दुसऱ्या बाजूने ओढून घेते. उबदार बाजूला गडगडाटी ढग उभे राहतात. थंड बाजूला तोच ओलावा हिम होऊन पडतो. रॉकी पर्वत दक्षिणोत्तर पसरलेला असल्यामुळे उत्तरेचा गारठा अडवणारी आडवी भिंत या मैदानात कुठेच नाही. आपल्याकडे ते काम हिमालय करतो. बंगालच्या उपसागराकडून आलेला ओलावा आणि उत्तर-पश्चिमेकडची कोरडी हवा विदर्भावर भेटली की गारपीट होते, पण जमिनीलगतची हवा तापलेलीच राहते. त्यामुळे उंच ढगात तयार झालेली मोठी गार तेवढी खालपर्यंत टिकते, हिम टिकत नाही.

मार्च 2019 मधले वादळ इथले शेतकरी अजून विसरलेले नाहीत. 13 आणि 14 मार्चला पश्चिम नेब्रास्कात हिमवादळ आणि पूर्वेकडे मुसळधार पाऊस, असा तो प्रकार होता. आपली काळी जमीन उन्हाळ्याच्या तोंडाशी भेगाळलेली असते आणि पहिला पाऊस गटागटा पिऊन टाकते. इथली जमीन मात्र तेव्हा आतपर्यंत गोठलेली होती, वर साचलेले बर्फ वितळत होते आणि पाणी मुरायला जागाच नव्हती. ते सगळे नद्यांकडे धावले. नद्यांवरचे गोठलेले थर फुटून त्यांच्या प्रचंड लाद्या पुराबरोबर वाहू लागल्या आणि 14 मार्चला नायोब्रारा नदीवरचे 1927 साली बांधलेले स्पेन्सर धरण फुटले. तो हंगाम गायी विण्याचा असल्यामुळे नवी वासरे थंडीत आणि पुरात दगावली. मक्याची पेरणी साधारण एप्रिलच्या शेवटापासून होते, म्हणजे मार्चमध्ये या भागातली बरीच वावरे रिकामी असतात. तेव्हाच्या वादळाचा घाव पिकापेक्षा गोठ्यावर अधिक बसतो. एप्रिलमधले उशिराचे हिम वेगळेच नुकसान करते: ते ओले आणि जड असते, आणि पालवी फुटलेल्या झाडांच्या फांद्या त्याच्या भाराने मोडतात.

इथली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. वादळाला अनुकूल स्थिती असेल तर आधी सावध राहण्याची सूचना येते, आणि ढग प्रत्यक्ष घोंगावू लागला की नकाशावर नेमका पट्टा आखून इशारा दिला जातो. टॉर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचा, इशारा असेल तर त्या पट्ट्यातल्या लोकांचे मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजतात, गावातला भोंगा वाजतो आणि माणसे तळघरात उतरतात. आपल्याकडेही पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. ते घरातल्या प्रत्येक मोबाइलवर असावे आणि सूचना आली की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे, असा माझा आग्रह असतो. काकांनी तो मान्य केला, पण पुढचा प्रश्नही विचारलाच: "जीव वाचन, पण आंबिया कोन वाचवन?"

गार थांबवण्याचा खात्रीचा उपाय इथेही नाही. इथले अनेक मका-सोयाबीनवाले नेहमीच्या पीक विम्याखेरीज गारपिटीचा विमा वेगळा उतरवतात, आणि नुकसानीची पाहणी करायला आलेल्या माणसाशी, आपल्याकडे पंचनाम्याच्या वेळी घालतात तशीच, हुज्जत घालतात.