पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही

आजची नोंद लिनक्सवरच्या लॉगिनच्या घोळाची. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा. ‘पासवर्ड चुकीचा’ असा मेसेज नाही, आणि निम्मं निदान त्यातच आहे. सिस्टिमने पासवर्ड मान्य केला, सेशन, म्हणजे डेस्कटॉपवरचं आपलं काम, सुरू झालं आणि लगेच कोसळलं. म्हणून पासवर्ड बदलत बसू नये. लिनक्स नव्याने टाकण्याचा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. होम, म्हणजे आपल्या फाइली आणि सेटिंग्जचं फोल्डर, डिस्कच्या वेगळ्या भागात (पार्टिशनवर) असेल, तर नवी सिस्टिमही त्याच बिघडलेल्या सेटिंग्ज उचलते.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं की काळ्या पडद्यावर अक्षरी लॉगिन येतं. पासवर्ड टाइप करताना तिथे काहीच दिसत नाही, तरी टाइप होत असतो. आत शिरलात की आधी ‘डीएफ -एच’, डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड. एक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवते. त्यामुळे डिस्क भरली तरी मशीन चालू दिसतं, पण साध्या युजरला एक बाइटही लिहिता येत नाही आणि सेशनला सुरुवातीलाच काही फाइली लिहाव्या लागतात. ‘सुडो एपीटी क्लीन’ने (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं) उतरवून ठेवलेली पॅकेजं पुसली जाऊन थोडी जागा होते, एवढ्यावरच कित्येकदा काम भागतं.

जागा असेल तर ‘एलएस -एलए’ ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड देऊन मालकाचा रकाना बघायचा. आपल्या होममध्ये .एक्सऑथॉरिटी किंवा .आयसीईऑथॉरिटी ह्या डेस्कटॉप सुरू होताना लागणाऱ्या फाइलींपुढे रूट लिहिलेलं दिसलं, तर सुडो लावून एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला गेला असणार. मिंटसारखी, लाइटडीएम हा लॉगिन मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणारी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, इथे हमखास अडकते. ‘सुडो चाऊन’ने मालकी परत आपल्या नावावर केली की झालं.

.प्रोफाइल फाइलही उघडून बघावी. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये लॉगिन मॅनेजर ती वाचूनच सेशन उभं करतो. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बदलण्यासाठी कुणी तिच्यात ‘एक्झेक झेडएसएच’ अशी ओळ घातली असेल, तर अक्षरी लॉगिन सुरळीत होतं, पण डेस्कटॉप कधीच उघडत नाही. शेल बदलायला ‘सीएचएसएच’ ही कमांड आहे.

इथवर काही सापडलं नाही तर ‘सुडो ॲडयुजर’ने एक नवा युजर करून त्याच्या नावाने डेस्कटॉपवर लॉगिन करायचं. ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. नवा युजरही बाहेर फेकला गेला, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा सिस्टिमचा. आपल्या होमला हात लावू नये. नवा आत गेला, तर दोष जुन्याच्या सेटिंग्जमध्येच.

मग सेटिंग्ज बाजूला काढायच्या. काढायच्या म्हणजे नाव बदलायचं; ‘आरएम’ ह्या पुसून टाकणाऱ्या कमांडला हात लावायचा नाही. ग्नोम ह्या डेस्कटॉपमध्ये पहिला संशय एक्स्टेन्शनवर, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींवर: .लोकल/शेअर/ग्नोम-शेल/एक्स्टेन्शन्स ह्या फोल्डरचं नाव बदलून बघावं. त्यानंतर .कॉन्फिग/डीकॉन्फ/युजर. ग्नोमच्या जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज ह्या एकाच बायनरी फाइलीत असतात, एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाहीत. केडीई ह्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या फाइली मात्र साध्या मजकुराच्या, एक्सएफसीई ह्या तिसऱ्याच्या एक्सएमएलच्या, म्हणजे त्याही वाचता येणाऱ्या. तिथे एकेक फाइल तपासता येते. अख्खं .लोकल मात्र हलवू नये. किरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, त्यातच असतं, आणि साठवलेले पासवर्ड नाहीसे झाले असं वाटून माणूस उगाच घाबरतो.

फाइली बिघडतात कशाने? बहुतेक वेळा लाइट जाण्याने. एक्सटी४ डेटा लगेच डिस्कवर उतरवत नाही, काही सेकंद मेमरीत धरून ठेवते. २००९ च्या सुमाराला ह्यामुळे केडीईच्या सेटिंग्ज क्रॅशनंतर शून्य बाइटच्या झालेल्या सापडायच्या. पुढे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नल २.६.३० मध्ये, त्यावर उपाय आला, पण जो प्रोग्रॅम फाइल नीट सिंक करत नाही, म्हणजे डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेत नाही, त्याला धोका अजूनही आहे. ‘फाइंड .कॉन्फिग -टाइप एफ -साइझ ०’ दिलं की अशा रिकाम्या फाइली समोर येतात. काही फाइली मुळातच रिकाम्या असतात, म्हणून तारीख बघून ठरवावं.

डीकॉन्फची फाइल बाजूला केल्यावर डेस्कटॉप कोरा येतो आणि कष्टाने लावलेले कीबोर्ड शॉर्टकट जातात. ते परत मिळू शकतात, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये ‘युजर-जुनी’ अशा नावाने ठेवायची. दुसरीकडे, समजा /टीएमपी/प्रोफाइल इथे, ‘युजर-डीबी:युजर-जुनी’ एवढी एकच ओळ असलेली फाइल करायची. डीकॉन्फ_प्रोफाइल ह्या व्हेरिएबलमध्ये (शेलमधल्या नाव दिलेल्या मूल्यात) तिचा पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, ठेवून ‘डीकॉन्फ डंप /’ चालवलं की फाइल वाचण्याजोगी असेपर्यंत सगळ्या जुन्या सेटिंग्ज साध्या मजकुरात उतरतात. त्यातला शॉर्टकटचा भाग तेवढा उचलून, व्हेरिएबल काढून टाकून, ‘डीकॉन्फ लोड’ने परत भरायचा. सगळंच्या सगळं भरलं तर बिघाडही परत येईल.