खातेदाराला लिहिलेले पत्र

नागरी सहकारी बँकेच्या पत्रव्यवहार विभागात काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. खातेदाराच्या मनात बँकेविषयी आपलेपणा निर्माण होतो तो दिवाळीच्या शुभेच्छापत्राने नव्हे, तर केवायसीच्या, म्हणजे खातेदाराची ओळख व पत्ता तपासून घेण्याच्या, स्मरणपत्राने किंवा थकलेल्या हप्त्याच्या पत्राने. आणि तो नाहीसा होतो तोही याच पत्रांमुळे. शुभेच्छापत्र माणूस बाजूला ठेवून देतो. स्मरणपत्र मात्र तो पुन्हा पुन्हा वाचतो, घरात मुलाला किंवा सुनेला वाचायला देतो, आणि त्यातला एखादा कठोर शब्द त्याला रात्रभर सलत राहतो.

केवायसीच्या पत्राचा वर्षानुवर्षे चालत आलेला मसुदा साधारण असा असतो : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या खात्याची आवश्यक ती कागदपत्रे अद्याप या कार्यालयास प्राप्त झालेली नाहीत. तरी ती त्वरित सादर करावीत, अन्यथा आपले खाते गोठविण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस बँक जबाबदार राहणार नाही.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु कोणती कागदपत्रे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कुठे द्यायची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कळते ती फक्त धमकी. असे पत्र घेऊन एक निवृत्त शिक्षक आमच्या शाखेत आले होते. त्यांच्या कापडी पिशवीत रेशनकार्ड, वीजबिल, पेन्शनची कागदपत्रे, जुनी पासबुके आणि या सगळ्याच्या झेरॉक्स प्रती होत्या. त्यांचा पत्ता बदललेला नव्हता, मोबाइल क्रमांकही तोच होता. एका सहीने त्यांचे काम झाले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या खात्यांची माहिती दर १० वर्षांनी अद्ययावत करावी लागते. माहितीत काही बदल नसेल आणि बँकेकडील कागदपत्रे आजच्या नियमांत बसत असतील, तर खातेदाराचे स्वघोषणापत्र पुरेसे असते. बहुसंख्य खातेदारांना लागू होणारी ही गोष्ट पत्रात सर्वांत आधी यायला हवी, म्हणून मी मसुदा असा करतो : ‘सप्रेम नमस्कार. आपल्या बचत खात्याची माहिती पुन्हा तपासून घेण्याची मुदत ३१ मार्च रोजी संपत आहे. आपले नाव, पत्ता व इतर माहिती पूर्वीचीच असेल, तर सोबतच्या अर्जावर सही करून तो शाखेत द्यावा किंवा टपालाने पाठवावा; नवीन कागदपत्रे जोडण्याची आवश्यकता नाही. पत्ता बदलला असल्यास नवा पत्ता त्याच अर्जावर लिहावा.’ मुदत टळल्यास काय होईल, हेही शेवटी एका वाक्यात सांगावेच लागते, कारण ते दडवणे हीसुद्धा खातेदाराची फसवणूकच आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुदतीपूर्वी किमान तीन पूर्वसूचना देणे आणि त्यांपैकी किमान एक पत्राने पाठवणे बंधनकारक केले, याचा मला मनापासून आनंद झाला. या सूचना समजायला सोप्या असाव्यात, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

एसएमएसची अडचण वेगळी आहे. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांची मोजणी स्वतंत्र होते. प्रत्येक भागाचे पैसे वेगळे पडतात, म्हणून खर्च वाचवण्यासाठी मग ‘कृपया’ आणि शाखेचा दूरध्वनी क्रमांक गाळला जातो, पण ‘खाते बंद होईल’ हे शब्द राहतात. नेमकी हीच भाषा ठकसेनांच्या संदेशांत असते. खातेदाराला घाबरवून घाई करायला लावणारा आमचा खरा संदेश त्याला खोट्या संदेशाला बळी पडण्याची सवय लावतो, हे मला फार गंभीर वाटते. व्यावसायिक एसएमएसचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी प्रणालीत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि मग तोच हजारो लोकांना जात राहतो; त्यामुळे तो लिहिताना एक दिवस जास्त लागला आणि संदेश दोन भागांत गेला, तरी तो खर्च योग्यच आहे. त्यात लिंक देऊ नये, तारीख आणि शाखेचे नाव द्यावे.

कर्जवसुलीच्या पत्रांत हात सर्वांत जास्त आखडतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बँकेच्या हिशेबी थकलेले कर्ज, ठरते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस निघू शकते, आणि त्या नोटिशीचा आशय कायद्यानेच ठरवलेला असतो. म्हणजे माणसासारखे लिहिण्याची संधी पहिल्या महिन्यातच असते. तेव्हाच ‘आपण हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात’ असे लिहिले, तर ज्याच्या दुकानात पाणी शिरले किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, तो कर्जदार पुन्हा शाखेची पायरी चढत नाही. त्याऐवजी किती हप्ते राहिले, एकूण रक्कम किती आणि दंडात्मक शुल्क किती, हे स्वच्छ आकड्यांत सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार असे शुल्क स्मरणपत्रात कळवणे आवश्यकच आहे, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. ही दुसरी गोष्टही मी पत्रात आवर्जून लिहितो, कारण कर्जदाराला सर्वांत मोठी भीती रक्कम फुगत जाण्याची असते. त्याखाली एक ओळ असते : ‘हप्ता भरण्यात काही अडचण असल्यास या महिन्यातच भेटावे, म्हणजे मार्ग काढता येईल.’ अर्थात शाखेची मार्ग काढण्याची खरोखर तयारी असेल, तरच ही ओळ लिहावी.

सहीच्या जागी नुसते ‘शाखा व्यवस्थापक’ असे न छापता अधिकाऱ्याचे नाव, थेट दूरध्वनी क्रमांक आणि भेटण्याची वेळ द्यावी, असा माझा आग्रह असतो. काही अधिकाऱ्यांना ते गैरसोयीचे वाटते, कारण मग फोन वाढतात. परंतु ते फोन खातेदार आणि कर्जदार स्वतःहून करत असतात, आणि थकलेल्या हप्त्याविषयी बोलायला माणूस स्वतःहून फोन करतो, तेव्हा वसुलीचे निम्मे काम झालेले असते.