अमेरिकेच्या कॉलेजचा अर्ज: फर्स्ट पीयू संपतानाच करायची कामं

पीयूसीनंतर, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीनंतर, थेट अमेरिकेत शिकायला जायचं असेल तर अर्ज सेकंड पीयूच्या (बारावीच्या) वर्षात भरायचा असतो. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, नव्या वर्षाचे फॉर्म १ ऑगस्टला उघडतात, म्हणून मुलं ऑगस्टपर्यंत निवांत असतात. पण ही कॉलेजं नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतात. तिकडे ही चारही वर्षं सहसा एकाच शाळेत होतात. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मात्र नववी-दहावी हायस्कुलात आणि पुढची दोन वर्षं पीयू कॉलेजात, त्यामुळे प्रिन्सिपॉलांच्या ऑफिसात तुमची निम्मीच नोंद असते.

दहावीचं मार्क्स कार्ड बोर्डाचं, त्याची अडचण नाही. घोडं अडतं नववीवर. प्रगतिपुस्तक सापडत नाही, सापडलं तर मराठी माध्यमाचं म्हणून मराठीत. शाळा सुरू होऊन ॲडमिशनची गर्दी ओसरली की जुन्या हायस्कुलात जा. मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर नववीच्या विषयवार गुणांचा इंग्रजी दाखला घ्या. प्रत्येक विषय कितीपैकी होता ते त्यात हवंच. सही, शिक्का, तारीख, आणि दोन मूळ प्रती.

नावाचंही तेव्हाच बघा. मार्क्स कार्डावर आडनाव आधी किंवा नुसतं आद्याक्षर, आणि पासपोर्टवर नाव-वडील-आडनाव, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची आहेत असं प्रिन्सिपॉलांकडून लेखी घ्या.

आता शिफारसपत्रं. बरीच कॉलेजं दोन विषय-शिक्षकांची पत्रं मागतात, काही एकच. याशिवाय काउन्सेलरचा (विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या माणसाचा) स्कूल रिपोर्ट, म्हणजे शाळेने विद्यार्थ्याबद्दल दिलेली माहिती. आपल्या कॉलेजांत काउन्सेलर नसतो. ते काम प्रिन्सिपॉल किंवा त्यांनी नेमलेले लेक्चरर करू शकतात. ट्यूशनचे सर कितीही जवळचे असले तरी ते विषय-शिक्षकांच्या जागी चालत नाहीत. कॉलेज घेत असेल तर त्यांचं पत्र ‘इतर’ या रकान्यात जातं. सगळ्यात जास्त मार्क ज्या विषयात, त्याच सरांकडे जायचं असंही नाही. वर्गात तुमचे प्रश्न ज्यांनी ऐकलेत त्यांच्याकडे जा.

सर बहुधा म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ इथे नम्रपणे नाही म्हणायचं. पत्र त्यांचं म्हणून जाणार, तर ते त्यांनीच लिहिलं पाहिजे. शिवाय मुलानेच लिहिलेली दोन पत्रं आणि निबंध एकाच सुरात वाजतात, ते वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. सरांच्या नावाने स्वतःच ईमेल आयडी काढून पत्र अपलोड करणं तर सरळ फसवणूक आहे. मिळालेला प्रवेशही त्यापायी जाऊ शकतो.

त्याऐवजी एका पानाचं टिपण द्या. ‘हुशार, आज्ञाधारक, वर्तन उत्तम’ हे कॅरेक्टर सर्टिफिकेटात शोभतं, इथे त्याचा उपयोग नाही. घडलेलं लिहा. समजा, लंबकाच्या प्रयोगात लांबी आणि आवर्तकाळाच्या वर्गाचा आलेख शून्यातून जाईना. रीडिंग ‘जुळवून’ घेण्याऐवजी तुम्ही चूक शोधलीत: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजली होती. सरांना त्या दिवसाची एवढी आठवण पुरते, पुढचं ते लिहितात. साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी चालतं. लेक्चररना इंग्रजीचा संकोच असतो, म्हणून हे त्यांना आधीच सांगा.

क्रमही सांभाळा. अर्जात आधी फेर्पाचा (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींबाबतच्या अमेरिकी कायद्याचा) भाग पूर्ण करायचा, मगच शिक्षकांना निमंत्रण पाठवता येतं. त्यात पत्र वाचण्याचा हक्क सोडा. न वाचता आलेल्या पत्रावर कॉलेजचा विश्वास जास्त बसतो. निमंत्रणाचा ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जातो, तेव्हा सरांसमोर बसून तो उघडून द्या.

विचारायचं जुलैत, तेही समक्ष भेटून. पुढे गणपती, दसरा, दिवाळी. अर्ली अर्जाची (नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जाची) मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्याकडे राज्योत्सवाची सुट्टी, मराठी माणसाचा काळा दिन, कॉलेजला कुलूप. पत्रं दसऱ्याच्या सुट्टीआधी अपलोड झाली तर बरं.

प्रिन्सिपॉलांना स्कूल रिपोर्टसोबत कॉलेजची एका पानाची माहिती जोडायला सांगा: बोर्ड कुठलं, कुठले विषय शिकवले जातात, विद्यार्थी किती, एसएसएलसी (दहावी) ६२५ पैकी आणि सेकंड पीयू ६०० पैकी. तिकडच्या वाचकाला ६२५ हा आकडाच चमत्कारिक वाटतो. पहिली भाषा १२५ ची आणि बाकीचे पाच विषय १०० चे, असं लिहिलं की कोडं सुटतं. टक्क्यांचं ४ पैकी जीपीएत (अमेरिकी पद्धतीच्या सरासरी गुणांकात) रूपांतर करू नका. कॉलेज रँक देत नसेल तर ‘नाही’ निवडायला सांगा.

अर्ज गेल्यावरही प्रिन्सिपॉलांचं काम संपत नाही. सहामाहीचे गुण मिडइयर रिपोर्टमध्ये जातात, बोर्डाचा निकाल फायनल रिपोर्टमध्ये. सरकारी कॉलेजात मध्येच बदली होऊ शकते, म्हणून अशा वेळी पुढचे रिपोर्ट कोण पाठवणार ते आधीच विचारून ठेवा.