अँकोट्सच्या गिरण्या आणि ओगलेवाडीचे अण्णा

मँचेस्टरमधला अँकोट्स हा सध्या महागडा भाग. रॉचडेल कालव्याच्या काठानं लाल विटांच्या सूतगिरण्या उभ्या आहेत आणि त्यांत आता सूत नाही, फ्लॅट आहेत. मरे बंधूंच्या गिरणीचं बांधकाम 1798 मध्ये सुरू झालं, कालवा 1804 मध्ये पूर्ण झाला. कोळसा, कापूस सगळं होडीतून दारात यायचं. विसाव्या शतकात धंदा बसला, गिरण्या ओस पडल्या, छपरांतून पाणी गळायला लागलं.

पण सरसकट पाडापाडी झाली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1989 मध्ये हा भाग संरक्षित ठरला. पुढं मरे बंधूंच्या गिरण्यांची छपरं नि भिंती आधी सार्वजनिक पैशातून सावरल्या, बिल्डर त्यानंतर आले. आपल्याकडं आधी बिल्डर येतो आणि सावरायला काही उरतच नाही.

आमचे अण्णा मूळचे कराडजवळच्या ओगलेवाडीचे. ओगल्यांच्या काच कारखान्यामुळं गावाला नाव मिळालं, प्रभाकर कंदील घरोघरी गेला, आणि एक दिवस तो कारखानाही बंद पडला. त्यामुळं माझ्याकडं मँचेस्टरला आल्यावर त्यांना ना स्टेडियम बघायचं होतं ना म्युझियम. दोन दिवस ते गिरण्यांभोवतीच हिंडत होते. तिथल्या कटिंग रूम स्क्वेअर या चौकातल्या बाकावर बसून, कॉफीची किंमत ऐकून हबकल्यावर म्हणाले, "झ्याक केलंय रं. पण म्हातारी माणसं कुठं दिसंनात ती?"

प्रश्न बरोबर होता. विटा वाचल्या, राहणारे बदलले. इथं एके काळी इटालियन आइस्क्रीमवाल्यांची वस्ती होती. आज भाडं परवडेल तो राहतो. म्हणून त्यांना शेजारच्या न्यू इस्लिंग्टनला नेलं. तिथली कार्डरूम ही नगरपालिकेची जुनी वसाहत बरीचशी पाडली, पण तिथल्याच भाडेकरूंसाठी 2006 च्या सुमारास 23 घरं बांधली, त्यांना काय हवं ते विचारून. दर्शनी भिंती नक्षीदार, थोड्या भडकच. मला नाही आवडल्या. अण्णांना जाम आवडल्या. गिरण्यांतले फ्लॅट बघता 23 हा आकडा अगदीच किरकोळ, हे मात्र त्यांनी लगेच हेरलं.

घरांचे फोटो त्यांनी गावच्या ग्रुपवर टाकले, खाली सगळी हकीकत लिहिली. पहिलं उत्तर कराडहून आलं: "गुंठ्याला काय भाव हाय तिकडं?"